एकमताचा गुन्हा

मी माझ्या बायकोवर सोळा वर्षांत एकदाही हात उगारलेला नाही. आवाजसुद्धा चढवलेला नाही. हे मी गेल्या दीड वर्षात इतक्या लोकांना सांगितलंय की आता मलाच ते संशयास्पद वाटू लागलंय. तुम्ही सांगून बघा कुणाला तरी. आपणहून, कुणी विचारलेलं नसताना, अगदी शांत आवाजात सांगा की मी बायकोला मारत नाही. ऐकणारा मान डोलावतो, 'हो, हो' म्हणतो आणि हळूच तुमच्या हातांकडे बघतो.

माझे हात साधे आहेत. त्यांत दिवसभर एक फळी, फळीला चिमट्याने लावलेला कागद आणि एक पेन्सिल असते. मी सरकारी नोकर आहे. गाडीच्या लायसन्ससाठी आलेल्या लोकांची परीक्षा घेतो. दिवसाला बारा-चौदा अनोळखी माणसं मला शेजारी बसवून लॉस एंजेलिसच्या रहदारीत शिरतात आणि मी एवढंच म्हणतो, "छान. आता पुढच्या वळणावर डावीकडे." एका बाईंनी मला गाडीसकट न्हाव्याच्या दुकानात नेलं होतं. दारातून नव्हे, काचेतून. तेव्हाही मी म्हणालो, "छान. आता इंजिन बंद करा." ऑफिसात माझ्या शांतपणाची उदाहरणं देतात. आणि अशा माणसाच्या नावापुढे, एल्डन फिच या माझ्या बापाने दिलेल्या सरळ नावापुढे, कोर्टाच्या कागदांत 'अत्यंत क्रूर' असं टंकलिखित केलेलं आहे. तीन प्रतींत.

सुरुवात चादरींपासून झाली. पासष्ट सालच्या फेब्रुवारीतला रविवार. मॅक्सीन आणि मी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मध्येच ती थांबली.

"एल्डन, आपण हे थांबवू या का?"

मी म्हणालो, दोनच तर राहिल्यात.

"चादरी नाही रे," ती म्हणाली.

उरलेल्या दोन चादरींच्या घड्या आम्ही घातल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग मी सांगितलं की नाताळच्या आधीपासून माझ्या मनात हेच आहे. ती म्हणाली, तिच्या मनात त्याच्या आदल्या नाताळापासून आहे. कुणी रडलं नाही. कुणी तिसरं माणूस नव्हतं. शेजारी शेजारी झोपणारे आम्ही दोघं एकमेकांना आगगाडीतल्या सहप्रवाशांसारखे झालो होतो, एवढंच. सामान सरकवून जागा देणारे, पण उतरायचं स्टेशन न विचारणारे. तासाभरात सगळं ठरलं. घर तिच्याकडे, आमची बारा वर्षांची रोझली तिच्याकडे, शनिवार माझ्याकडे. घराच्या रंगावरून आमचं चार वर्षं पटलं नव्हतं, रोझलीच्या दातांना तारा लावायच्या की नाही यावरून दोन वर्षं. पण या एका बाबतीत पूर्ण एकमत. मला आमचा अभिमान वाटला. मी मनात म्हटलं, सुसंस्कृत माणसं अशी असतात.

गाढव होतो मी.

टॅगर्ट नावाच्या वकिलाचं ऑफिस एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही दोघं एकाच गाडीतून गेलो, एकाच बाकावर बसलो आणि मी प्रस्ताव मांडला: आम्हा दोघांना वेगळं व्हायचंय, दोघांनाही मान्य आहे, तक्रार कुणाचीच नाही. टॅगर्टने दोन्ही हात वर केले, जणू मी त्याच्यावर पिस्तूल रोखलं होतं.

"हे मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही दोघं मिळून इथे आलाच नाहीत. मिस्टर फिच, मागच्या जिन्याने खाली जा आणि लॉन्ड्रीत थांबा."

लॉन्ड्रीच्या वाफेत पाऊण तास उभा राहिल्यावर मॅक्सीनकडून मला कळलं ते असं. आमच्या कॅलिफोर्नियात नवरा-बायकोचं पटत नसेल तर घटस्फोट मिळतो. पण पटत नाही यावर त्यांचं पटलेलं असेल, तर मिळत नाही. त्याला संगनमत म्हणतात आणि ते कोर्टाची फसवणूक धरतात. दोघांपैकी एकजण निर्दोष लागतो आणि एकजण दोषी. दोष क्रूरपणाचा असला की काम लवकर होतं. क्रूरपणाचे निदान तीन प्रसंग हवेत, आणि ते घराबाहेरच्या एका माणसाने पाहिलेले हवेत. सभ्य घरांतून अर्ज बायको करते आणि क्रूर नवरा होतो, अशी रीत आहे.

"तू होशील ना?" मॅक्सीनने विचारलं. चहा घेशील ना, या सुरात.

मी होईन म्हणालो. खरं सांगतो, त्या वेळी मला त्यात मोठेपणा वाटला होता.

ती संध्याकाळ आमच्या संसारातली शेवटची चांगली संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर कॉफी घेऊन आम्ही माझ्या क्रूरपणाची यादी करायला बसलो. एक, मी दिवस दिवस बोलत नाही. दोन, पाहुण्यांसमोर स्वयंपाकाला नावं ठेवतो. तीन सुचेना. मॅक्सीनने सुचवलं की मी घोरतो. मी म्हणालो, त्यात हेतू सिद्ध होत नाही. ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला आठवेना ती याआधी कधी हसली होती.

टॅगर्टने यादी परत पाठवली. त्याचं म्हणणं, न बोलणारे नवरे जज्ज रोज वीस ऐकतात आणि स्वतः घरी बोलत नाहीत. काहीतरी आवाज होणारं हवं. ताट फेकणं उत्तम.

इथे माझ्या बायकोचा बाप आडवा आला. तो वारलेला होता, पण मिनेसोटात पाद्री होता आणि त्याने मुलीला शपथेवर खोटं बोलायचं नाही हे असं शिकवलं होतं की ती वाढदिवसाच्या भेटीलासुद्धा 'आवडली' म्हणताना विचार करायची. टॅगर्टला ती म्हणाली, नवऱ्याने ताट फेकलं असं मी सांगेन. पण त्याने फेकल्यावर.

म्हणजे मला ताट फेकावं लागणार होतं. साक्षीदारासमोर. आणि संगनमत उघड होऊ नये म्हणून साक्षीदाराला आधी काही कळता कामा नये. कायदा पाळणाऱ्या माणसावर या देशात काय वेळ येते ते बघा.

साक्षीदार म्हणून आमच्या डाव्या हाताच्या घरातली बर्निस ओबरहोल्ट ठरली. बर्निस आमच्या प्लमवुड ड्राइव्हचं वर्तमानपत्र होतं. तिचा नवरा हॅल जलतरण तलावांचे पंप विकायचा आणि जगातल्या प्रत्येक विषयावर सल्ला द्यायचा. दोघांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. रोझलीला मैत्रिणीकडे धाडलं. मॅक्सीनने मीटलोफ केला. मीटलोफ म्हणजे खिम्याची भाजलेली वीट, आणि तिने तो मुद्दाम अर्धा तास जास्त भाजला. तेवढा हातभार तिच्या तत्त्वात बसत होता.

पहिला घास घेऊन मी काटा खाली ठेवला आणि म्हणालो, "मॅक्सीन, हे कुत्रंसुद्धा खाणार नाही."

"कोरडा झालाय खरा," बर्निस सहानुभूतीने म्हणाली. "मॅक्सीन, तू वरून टोमॅटो घालत नाहीस का? मी तुला केव्हाची सांगणार होते."

हॅलने माझा उरलेला तुकडा मागून घेतला.

मी उभा राहिलो. ताट उचललं. ते कसं फेकतात हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात उशीसुद्धा फेकलेली नव्हती. मॅक्सीनला लागू नये म्हणून तिच्यापासून चांगलं पाच हात डावीकडे नेम धरला आणि फेकलं. पण धांदलीत माझ्या लक्षात राहिलं नव्हतं की आमची रोजची ताटं न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची आहेत. ते भिंतीवर आपटलं, टप्पा घेऊन कपाटावर गेलं, तिथून जमिनीवर येऊन कडेवर फिरत फिरत माझ्याच पायाशी येऊन थांबलं. फुटलं काहीच नाही.

मग हॅल म्हणाला, "हीच ती नवी ताटं का?" आणि त्याने स्वतःचं ताट फेकलं. ते माझ्यापेक्षा लांब गेलं. तो खूश झाला. त्याने बर्निसचंही मागितलं. जाताना बर्निसने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, एल्डन, थोडी घेतलीस की किती मजेदार होतोस नाही, मला वाटायचं तू अगदी लाकूड आहेस.

लाकूड. तो शब्द मला लागला. पण त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, निदान लोकांना कळलं की मी गमत्या आहे. पुढच्याच आठवड्यात मॅक्सीनने अर्ज दाखल केला आणि बर्निसला विचारलं, साक्ष देशील का. बर्निस थबकली. डोळे मोठे केले. आणि मग तिला एकेक आठवू लागलं.

तीन दिवसांत आमच्या रस्त्यावर ते ताट चिनी मातीचं झालं. आठवड्यात ते मॅक्सीनच्या कानाला चाटून गेलं. पंधरवड्यात तिच्या कानावर कुणीतरी जखमही पाहिली. आमच्या दारात झाकण ठेवलेली भांडी येऊ लागली, गरम शेवया, कोंबडी, ॲपल पाय, सगळं मॅक्सीनसाठी. मला पाहिलं की शेजारणी मुलांना घरात बोलवायच्या. मी ज्यांना एकेकाळी लायसन्स दिलं होतं त्या बायका.

टॅगर्टचा निरोप आला की आता एका छपराखाली राहणं बंद. एक रात्र जरी मी घरात काढली तर मॅक्सीनने मला माफ केलं असा अर्थ होतो आणि माफ केलेला क्रूरपणा कोर्टात चालत नाही. मी महामार्गाजवळ सामानासकट मिळणाऱ्या खोल्यांच्या एका इमारतीत राहायला गेलो. मध्ये तलाव आणि भोवती बावीस खोल्या, प्रत्येकीत माझ्यासारखा एक नवरा. संध्याकाळी सगळे आपापल्या दारात खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायचे. पोहायचं कुणी नाही.

शनिवारी मी जुन्या घरी जाऊन गवत कापायचो. दोनदा कापलं, तर टॅगर्टचा फोन. कुणीतरी कळवलं होतं. तो ओरडला की गवत कापणं हे प्रेमाचं लक्षण आहे, कोर्ट विचारेल क्रूर माणूस बायकोचं गवत का कापतो. मी कापणं बंद केलं. महिन्याने गवत गुडघ्याला आलं आणि प्लमवुड ड्राइव्हच्या रहिवासी मंडळाचं पत्र मला आलं, की आपल्या बेजबाबदारपणामुळे रस्त्याची शोभा जात आहे. मी पत्र घेऊन टॅगर्टकडे गेलो. तो म्हणाला, उत्तम, हा पुरावा जोडू. मंडळाकडे गेलो तर मंडळाचा अध्यक्ष कोण, हॅल.

हॅलने कुंपणापाशी मला बाजूला घेतलं. त्याचा सल्ला असा की मी कापावं, पण चेहरा रागीट ठेवून कापावं. आणि त्याहून चांगलं म्हणजे सरळ नेव्हाडात जावं, तिथे सहा आठवडे राहिलं की सुटका. त्याच्या मेव्हण्याने तर मेक्सिकोत जाऊन एका दुपारीत आटपलं होतं. मी विचारलं, मग तो आता सुखी असेल. हॅल म्हणाला, आहे की, फक्त इथे त्याची दोन लग्नं मोजतात आणि तिथे एकही नाही, त्यामुळे तो फारसा प्रवास करत नाही.

मी रागीट चेहऱ्याने गवत कापलं. आधी तो चेहरा आणावा लागला. अर्ध्या गवतापर्यंत तो आपोआप राहू लागला.

पण खरा घाव रोझलीने घातला. ती शनिवारी माझ्याकडे यायची. तलावाच्या काठावर पाय सोडून बसली होती, सँडविच खात. तारा लावलेल्या दातांनी कडा काढून टाकत तिने विचारलं, "डॅडी, तू ते ताट मुद्दाम चुकवलंस, की नेमच चुकला?"

मी तिला समजावलं. की ते खोटं होतं, म्हणजे खरं होतं, फेकलं होतं पण रागाने नाही, आईला माहीत होतं, दोघांनी ठरवून.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून खोटं केलं?"

मी म्हणालो, खोटं नाही, कारण आईला शपथेवर खोटं बोलायचं नाही.

ती म्हणाली, "सूझन ओबरहोल्ट म्हणते तू तिच्या आईवर पण फेकलंस." आणि सँडविचचा उरलेला भाग कागदात गुंडाळून ठेवला. त्या दिवशी तिला मी गाडीतून सोडायला गेलो तेव्हा ती मागच्या सीटवर बसली. नेहमी ती पुढे बसायची. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, सगळे सिग्नल पाळले, आणि हाताखालचं चाक मला उपटून काढावंसं वाटत होतं.

सुनावणी ऑक्टोबरात होती. टॅगर्टने बजावलं होतं की प्रतिवादीने यायचं नसतं. क्रूर माणूस घरी बसतो आणि हरतो, दहा मिनिटांत काम होतं. मी रजा काढून गेलो. शेवटच्या बाकावर, एका खांबाआड बसलो. मला फक्त ऐकायचं होतं. माझ्यावरचे आरोप मीच निम्मे लिहिलेले. ते नीट वाचतात की नाही एवढंच बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मॅक्सीन निळ्या पोशाखात साक्षीला उभी राहिली. सांगितलं तेवढंच बोलली. नवरा बोलत नसे. पाहुण्यांसमोर स्वयंपाकाला कुत्र्याचं उदाहरण दिलं. ताट फेकलं. सगळं अक्षरशः खरं. जज्ज, एक थकलेला लठ्ठ माणूस, लिहून घेत होता.

मग बर्निस आली. टोपी, पांढरे हातमोजे, ते काढायला लागलेला वेळ. तिने त्या शुक्रवारची हकिगत सांगितली. ताट मॅक्सीनच्या डोक्याचा वेध घेऊन सुटलं. तिने स्वतः खाली वाकून जीव वाचवला. तिच्या नवऱ्याने प्रसंगावधान राखून विषय बदलला. जज्जाने विचारलं, आणखी काही. बर्निसने रुमाल काढला. म्हणाली, सगळ्या रस्त्याला वर्षानुवर्षं माहीत आहे. आणि ती बिचारी मुलगी, बापाच्या गाडीचा आवाज आला की थरथर कापते.

मी उभा राहिलो आहे हे मला माझा आवाज ऐकू आल्यावर कळलं.

"खोटं आहे," मी ओरडलो. "ही बाई खोटं बोलतेय. ताट प्लॅस्टिकचं होतं. तिच्या नवऱ्याने माझ्यापेक्षा लांब फेकलं. माझी मुलगी कापत नाही. तिच्या आईला विचारा. हे सगळं आम्ही दोघांनी बसून ठरवलंय, कॉफी पीत, आणि ती हसत होती, विचारा तिला ती हसत होती की नाही."

कोर्टातलं टंकयंत्र थांबलं. टॅगर्टने कपाळ टेबलावर टेकलं. जज्जाने माझं नाव विचारून घेतलं, मला पुढे बोलावलं आणि मॅक्सीनला शपथेची आठवण देऊन एकच प्रश्न विचारला: हे तुम्ही दोघांनी संमतीने केलंत का.

मॅक्सीनने माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

अर्ज फेटाळला. जज्ज म्हणाला, ज्या जोडप्याला एकत्र बसून इतका गुंतागुंतीचा बेत रचता येतो, त्याने संसार करायला हरकत नाही. आम्ही बाहेर पडलो ते कायदेशीर नवरा-बायको म्हणून.

कोर्टाच्या पायऱ्यांवर भर दुपारचं ऊन होतं. मॅक्सीन पुढे चालली होती. मी मागून म्हणालो, "मॅक्सीन, सॉरी. आता पुढे काय करायचं ते आपण शांतपणे—"

ती वळली.

"शांतपणे म्हणू नकोस," ती म्हणाली. "एल्डन, तो शब्द पुन्हा काढू नकोस माझ्यासमोर. आज ओरडलास तू. तुला ओरडता येतं. सोळा वर्षं मला वाटत होतं तुला येतच नाही. माझी आई गेली तेव्हा मी तुला ऑफिसात फोन केला. काय म्हणालास आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे काय म्हणालो असेन ते मला ठाऊक होतं.

"छान म्हणालास. छान, आता विमानाची वेळ बघ. दुसरं मूल पोटातच गेलं तेव्हा पाठीवर दोनदा थोपटलंस आणि ओव्हन चालू आहे का विचारलंस. माझ्यासाठी कधी आवाज चढला नाही तुझा. आणि आज चढला तो कशासाठी, तर लोकांनी तुला वाईट म्हटलं म्हणून."

आणि तेव्हा ते झालं. मी शांतपणे ऐकून घेऊ शकलो असतो, सवय होती. पण आठ महिन्यांचा राग आधीच वर आलेला होता, तो परत खाली जाईना. मी ओरडलो की मी विचारायचो तेव्हा तू काय सांगायचीस. काय झालं? काही नाही. रडतेस का? काही नाही. सोळा वर्षं काही नाही, आणि बर्निसला सगळं. टोमॅटो घालावा की नाही पासून सगळं. मी बंद दारासमोर उभं राहून किती वेळा दार वाजवायचं? ती म्हणाली, वाजवलंस कुठे, तू बाहेर उभा राहून फळीवर खूण केलीस. मी म्हणालो, तू उत्तीर्ण व्हायलाच तयार नव्हतीस. हे वाक्य बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं. तिने हातातली पर्स मला मारली. मी तिची टोपी, जी वाऱ्याने पडली होती, ती उचलली आणि द्यायच्या ऐवजी रस्त्यात फेकली. एका ट्रकने ती नेली.

लोक जमले होते. पहाऱ्यावरचा शिपाई, पेपरवाला, दुसऱ्या खटल्यांची जोडपी. बर्निस वरच्या पायरीवर एक हातमोजा घालून उभी होती, दुसरा घालायचा विसरून.

गर्दीतून टॅगर्ट धावत आला. मला वाटलं सोडवायला आला. तो वही काढून शिपायापाशी गेला. "तुमचं पूर्ण नाव सांगा," तो म्हणाला. "टोपी फेकताना तुम्ही कुठे उभे होतात?" मग पेपरवाल्याकडे गेला. त्याला इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसरा अर्ज जानेवारीत दाखल झाला आणि एप्रिलात, दुसऱ्या जज्जासमोर लागला. मी गेलो नाही. त्या दिवशी माझ्याकडे परीक्षेला आलेल्या एका तरुणाला मी चौथ्याच मिनिटाला गाडी कडेला घ्यायला लावली आणि ओरडलो की असा सिग्नल तोडून त्याने दोन माणसं मारली असती. तो घाबरला. मग म्हणाला, "थँक यू, साहेब." मला कुणी आजवर थँक यू म्हटलं नव्हतं.

दुपारी ऑफिसात मॅक्सीनचा फोन आला. मिळाला, ती म्हणाली. मी विचारलं, किती वेळ लागला. सहा मिनिटं. टॅगर्टने यादी हातात दिली होती, ती तिने पर्समध्येच ठेवली. शिपायाने दोन वाक्यांत साक्ष दिली. बर्निसला बोलावलंच नाही; ती नवी टोपी घालून आली होती आणि फार चिडली होती.

"मग तू काय सांगितलंस?"

तिने सांगितलं. फोन, विमानाची वेळ, ओव्हन, त्यानंतरची वर्षं, एकामागून एक, न रडता. खोट्या आरोपावर माणूस कोर्टात उभा राहून ओरडू शकतो. खऱ्याचं काय करायचं असतं ते मला कुणी सांगितलेलं नाही. मला कुणाचा तरी भयंकर राग आला होता, आणि या वेळी तो शेजारच्या घरात, कोर्टात, सरकारात कुठेच नेऊन ठेवता येत नव्हता.

"मॅक्सीन," मी म्हणालो, "मला त्या दिवशी विमानतळावर यायला हवं होतं."

ती म्हणाली, "हो. यायला हवं होतंस." आणि थोड्या वेळाने, "तुला टोपीची किंमत माहीत आहे का? ती माझ्या बहिणीची होती. मी तिला सांगितलं ट्रकने नेली, तर ती विचारते, ट्रक कुणाचा होता."

मी हसलो. थांबवता आलं नाही. पलीकडे तीही हसायला लागली, तसंच, चष्मा काढायला लावणारं. ऑफिसातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"एल्डन," ती म्हणाली, "टॅगर्ट म्हणालाय की निकाल पक्का व्हायला अजून एक वर्ष आहे. तोपर्यंत आपल्यात सलोखा दिसला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"मग?"

"मग ठेव फोन. कुणीतरी ऐकेल."

मी ठेवला.